मासळी टाकावी की निवडावी?

बेळगावहून वेंगुर्ल्याकडे जाणारा रस्ता हिंडलगा आणि सुळगा मागे टाकून उचगाव फाट्यावर येतो व पुढे शिनोळी, आंबोली करीत घाट उतरून समुद्राला भेटतो. उचगाव म्हटले की सीमाभागातील मराठी माणसाला मळेकरणी देवी आठवते, साहित्य संमेलनाचा मांडव आठवतो आणि नव्या भाताचा दरवळ आठवतो. या भाताबरोबर पानात येणारे मासे मात्र दोन निराळ्या पाण्यांतले असतात. समुद्राची मासळी आंबोली, चोर्ला आणि कारवारकडील घाट चढून बेळगावच्या बाजारात येते. गोड्या पाण्याची मासळी शिवाराजवळून वाहणाऱ्या मार्कंडेय नदीतून, तळ्यांतून आणि भातखाचरांतून येते. जून आणि जुलै असे ६१ दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दिवसांत चढणीचे मासे, खेकडे आणि उन्हाळ्यात भरून ठेवलेली सुकी मासळी यांवरच घराची भिस्त असते.

या दोन्ही पाण्यांविषयी आज शंका उत्पन्न झाली आहे. समुद्रात पारा, नदीत मैला, शेतात औषध, असे कानांवर येते आणि घरातील वडीलधारी मंडळी सुनेला दिवस गेले की प्रथम मासळी बंद करतात. ही शंका निराधार नाही. परंतु त्यावर योजलेला हा उपाय बरोबर आहे काय, याचा शांतपणे विचार व्हावा, एवढ्यासाठीच आम्ही हा विषय वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम मासळीच्या जमेची बाजू पाहू. तिच्यातील प्रथिने उत्तम प्रतीची व पचायला हलकी असतात. समुद्री मासळीतून आयोडीन मिळते, आणि समुद्रापासून दूर राहणाऱ्या लोकांना त्याची उणीव भासते हे गलगंडाच्या इतिहासावरून सर्वविदित आहे. काट्यांसकट खाल्ल्या जाणाऱ्या बारीक मासळीतून चुना, म्हणजे कॅल्शियम मिळते. शिवाय ड आणि ब-१२ ही जीवनसत्त्वे मिळतात. याहून महत्त्वाची गोष्ट तिच्या तेलात आहे. ओमेगा-३ या नावाने ओळखली जाणारी स्निग्धाम्ले हृदयाला हितकारक असून त्यांपैकी डीएचए हे गर्भाच्या मेंदूच्या व डोळ्यांच्या घडणीत वापरले जाते. तारली आणि बांगडा ही गरिबाघरची मासळी या तेलाने विशेष समृद्ध असते, हा निसर्गाचा मोठाच अनुग्रह म्हणावा लागेल.

आता नावेची बाजू. पाऱ्याची कहाणी जपानमधील मिनामाता या गावापासून सुरू होते. तेथील रासायनिक कारखान्याचे सांडपाणी उपसागरात सोडले जाई. प्रथम मांजरे वेड्यासारखी नाचून मरू लागली. १९५६ साली माणसांतील आजाराची अधिकृत नोंद झाली. हातपाय थरथरणे, दृष्टी आकुंचित होणे, वाचा जाणे अशी त्याची लक्षणे होती. सर्वांत करुण प्रकार असा की, ज्या मातांना फारसा त्रास जाणवला नाही, त्यांच्याही पोटी मेंदूला इजा झालेली बालके जन्मली. कारखान्याच्या पाण्यातील मेथिल पारा हे त्याचे कारण होते, हे जपान सरकारने मान्य केले ते १९६८ साली.

पारा माशांत कसा चढतो, हे समजून घेतले की पुढचा विचार सोपा होतो. कारखान्यांतून किंवा कोळसा जाळल्याने वातावरणात गेलेला पारा शेवटी पाण्याच्या तळाशी बसतो. चिखलातील सूक्ष्म जंतू त्याचे मेथिल पाऱ्यात रूपांतर करतात. तो शेवाळात जातो, शेवाळ खाणाऱ्या बारीक जीवांत जातो, त्यांना खाणाऱ्या लहान माशांत आणि त्यांना गिळणाऱ्या मोठ्या माशांत जातो. प्रत्येक पायरीवर त्याचे प्रमाण वाढते. म्हणून जो मासा मोठा, दीर्घायुषी आणि दुसऱ्या माशांवर जगणारा, त्याच्यात पारा अधिक. जो लहान आणि वर्ष-दोन वर्षांत जीवन संपविणारा, त्याच्यात कमी.

हा फरक किती मोठा असावा? अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या मोजणीत मुशीच्या जातीच्या माशांत दर किलोला सरासरी ०.९७९ मिलिग्रॅम पारा आढळला. तेथील समुद्रातील सुरमईच्या मोठ्या भाईबंदात ०.७३, आणि तारलीच्या कुळातील माशांत अवघा ०.०१३. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञ समितीने २००३ साली आठवड्याला शरीराच्या दर किलो वजनामागे १.६ मायक्रोग्रॅम मेथिल पारा ही सुरक्षित मर्यादा ठरविली आहे. पंचावन्न किलो वजनाच्या स्त्रीला ती ८८ मायक्रोग्रॅम होते. वरील आकडे घेऊन गृहिणीनेच हिशेब करून पाहावा: मुशीच्या सुमारे नव्वद ग्रॅमच्या एका तुकड्यात आठवड्याची मर्यादा संपते, तारली मात्र पावणेसात किलो खाल्ली तरच तेथवर पोचता येते. आपल्याकडील प्रत्येक माशात नेमके एवढेच प्रमाण असेल असे नव्हे. परंतु लहान-मोठ्यांतील अंतराची कल्पना यावरून यावी. मासळी या एका शब्दात आपण केवढ्या भिन्न वस्तू कोंबतो, हेही यावरून दिसून येईल.

मिनामाता दूर आहे असे वाटेल, म्हणून जवळचे उदाहरण घेऊ. कारवारच्या दक्षिणेस बिणगा येथे समुद्राकाठी कॉस्टिक सोड्याचा कारखाना आहे. अशा कारखान्यांत पूर्वी पारा वापरण्याची पद्धत होती. त्या परिसरातील पाऱ्याविषयीचे संशोधन केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९९० साली प्रसिद्ध केले. पुढे आपल्या देशात हा उद्योग पाराविरहित पद्धतीकडे वळला आणि २०१८ साली भारताने पाऱ्याविषयीच्या आंतरराष्ट्रीय मिनामाता कराराला मान्यता दिली. यातून गृहिणीने घ्यावयाचा बोध साधा आहे. मासा पोहून दूर जातो. तिसऱ्या आणि कालवे मात्र एका जागी बसून तेथीलच पाणी गाळीत राहतात. म्हणून कारखान्याच्या वा शहराच्या सांडपाण्याच्या मुखाशी वेचलेल्या शिंपल्या कितीही ताज्या असल्या तरी घरात आणू नयेत.

गोड्या पाण्याकडे वळले की प्रश्नाचे रूप बदलते. मार्कंडेयेवरील राकसकोपच्या जलाशयातून बेळगाव शहर पिण्याचे पाणी घेते. तीच नदी वस्तीजवळून खाली वाहत जाते तसतसे तिच्यात सांडपाणी मिसळते आणि पुढे ती घटप्रभेला मिळते. नदी एक असली तरी वरचा मासा आणि खालचा मासा एक नव्हे. पलीकडे निपाणीच्या उत्तरेस पंचगंगेत, तेरवाड बंधाऱ्यापाशी, मेलेल्या माशांचा खच तरंगल्याच्या बातम्या अनेकदा आल्या आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या अहवालात देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्टे नोंदले गेले. त्यांपैकी ५३ महाराष्ट्रातील व १७ कर्नाटकातील होते, आणि पंचगंगा त्या यादीत होती. मळीमिश्रित पाणी किंवा मैला नदीत आला की तो कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो आणि मासे गुदमरून मरतात. असे मासे फुकट मिळतात म्हणून पाटीभर गोळा करून आणणारे लोक आहेत. त्यांना आवर्जून परावृत्त केले पाहिजे. मासा कशाने मेला आणि केव्हा मेला, यांपैकी काहीच ठाऊक नसताना तो शिजविणे हे धाडस होय.

भातखाचरांतील मासे-खेकड्यांविषयी आपल्याच राज्यातील एक कथा उद्बोधक आहे. १९७५ च्या सुमारास शिमोगा जिल्ह्यातील सागर तालुक्यात, हंडिगोडु गावी, शेतमजुरांच्या कुटुंबांत सांधे आणि हाडे निकामी करणारा एक विचित्र आजार आढळला. ही मंडळी खाचरांतील खेकडे व मासे खात. तेव्हा त्यांत उतरलेल्या कीटकनाशकांवर संशय गेला, आणि तो बराच काळ टिकला. पुढील वैद्यकीय संशोधनाने मात्र तो हाडांचा आनुवंशिक विकार असल्याचे दाखविले. संशय आणि पुरावा यांत अंतर असते, हे या कथेचे पहिले तात्पर्य. दुसरे असे की, कीटकनाशके त्यामुळे निर्दोष ठरत नाहीत. डीडीटीचा शेतीतील वापर १९८९ साली बंद झाला; माशांना अत्यंत घातक असलेल्या एंडोसल्फानवर २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. जुन्या औषधांपैकी काही चिखलात आणि माशांच्या चरबीत दीर्घकाळ टिकतात. यास्तव पहिल्या पावसाचे चढणीचे मासे आनंदाने खावेत, परंतु फवारणी झालेल्या खाचरातील आणि त्याच्या पाटातील मासे-खेकडे त्या हंगामात धरू नयेत.

मग गर्भवतीने काय करावे? येथे दोन बेटांचा अनुभव मार्गदर्शक ठरतो. उत्तर अटलांटिकमधील फेरो बेटांवर माशांबरोबर देवमाशाचे मांस खाल्ले जाते, आणि त्यात पारा पुष्कळ असतो. तेथे १९८६-८७ मध्ये जन्मलेल्या मुलांची पाहणी झाली, तेव्हा मातेच्या शरीरातील वाढत्या पाऱ्याबरोबर मुलांची स्मरणशक्ती, भाषा आणि एकाग्रता किंचित उणी पडल्याचे दिसले. हिंदी महासागरातील सेशेल्स बेटांवरील माता आठवड्यात बारा-बारा वेळा मासे खातात. परंतु ते नेहमीचे समुद्री मासे. तेथील मुलांत असे सातत्याने दिसणारे नुकसान आढळले नाही. मासळीतील हितकर द्रव्ये पाऱ्याच्या अपायाला काही अंशी आवर घालीत असावीत, असा तर्क त्यावरून केला जातो. वर उल्लेखिलेल्या दोन जागतिक संघटनांच्या तज्ज्ञांनी २०१० साली हाच तोल साधून मत दिले की, बहुतेक परिस्थितींत संततियोग्य वयाच्या स्त्रियांना मासळी खाण्याचा लाभ पाऱ्याच्या जोखमीहून अधिक आहे. म्हणजे सुनेची मासळी बंद करणारे घर बाळाला पाऱ्यापासून वाचविताना त्याच्या मेंदूचा खुराकच काढून घेते.

स्वयंपाकाने यातले काय सुटते, हेही नीट ठाऊक असावे. मेथिल पारा माशाच्या मांसातील प्रथिनांना चिकटलेला असतो. तो धुऊन, मीठ-हळद लावून, तिरफळे घालून किंवा तळून जात नाही. सुकविल्याने तर पाणी उडून वजनामागे त्याचे प्रमाण वाढते. म्हणून सुक्या मोरीपेक्षा सुकट आणि जवळा बरा, आणि रक्तदाब असणाऱ्यांनी त्यातील मिठाकडेही पाहावे. चरबीत राहणारी जुनी कीटकनाशके मात्र कातडी, पोटाकडील चरबी आणि आतडी काढून टाकल्याने बरीच कमी होतात. खेकड्याच्या कवचातील पिवळसर-तपकिरी गर आणि माकलाची आतडी यांत कॅडमियम साठते. ती आवडत असली तरी मुलांना देऊ नयेत. मैल्यातून येणारे रोगजंतू चांगले शिजविल्याने मरतात. तेव्हा शिंपल्या अर्ध्या कच्च्या ठेवू नयेत. जुलै २०१८ मध्ये मडगावच्या घाऊक बाजारातील तपासणीनंतर ज्याचा गाजावाजा झाला, ते फॉर्मेलिन पाण्यातले नव्हे, माणसाने टिकाऊपणासाठी घातलेले असते. कल्ले लाल, डोळा टपोरा आणि वास समुद्राचा, ही जुनी पारख चांगली. परंतु फॉर्मेलिन वा पारा डोळ्यांना दिसत नाही. तेथे विश्वासाची मासेवालीच कामास येते.

आता सारांश सांगतो. तारली, जिला पुष्कळ ठिकाणी पेडवे म्हणतात, बांगडा, मांदेली, जवळा, कोळंबी आणि तळ्यातील रोहू-कटला ही मासळी आठवड्यातून दोन-तीनदा निर्धास्त खावी. मोठी सुरमई, जिला गोव्याकडे इसवण म्हणतात, मोठा कुपा आणि नदीतील थोराड मरळ हे सणासुदीचे पाहुणे समजावेत. मुशी अथवा मोरी ही बाळंतिणीचे दूध वाढविते म्हणून मुद्दाम देण्याची चाल अनेक घरांत आहे. गर्भवती, स्तनदा आणि लहान मुले यांच्या बाबतीत ती चाल आता थांबवावी. शरीरातील मेथिल पारा निम्मा होण्यास सुमारे दोन महिने लागतात. म्हणून मातृत्वाची अपेक्षा असलेल्या तरुणीने हा संयम काही महिने आधीपासून पाळणे श्रेयस्कर. आणि एकाच जागेचा, एकाच जातीचा मासा रोज न खाता पाणी आणि जात बदलीत जावे.

इंदूर-ग्वाल्हेरकडील आमच्या वाचकांना नदीचा मासा अधिक मिळेल, बडोद्याच्या वाचकांना गुजरातच्या किनाऱ्याचा आणि बंगळूरच्या वाचकांना मंगळूरचा. तेथे बांगड्याला बंगुडे म्हणतील आणि तारलीला भुताई. नावे बदलली तरी बाजारात विचारायचे प्रश्न तेच राहतात: मासा कोणत्या पाण्यातला, केवढा, आणि काय खाऊन वाढलेला?

घरातील मोठा तुकडा कर्त्या पुरुषाच्या पानात आणि काट्यांची बारीक मासळी बायकामुलांच्या पानात, ही आपली जुनी वाटणी अन्यायाची होती यात शंका नाही. योगायोग असा की, आज ज्यांना सर्वाधिक जपायचे, त्यांना हितकर ठरते ती हीच बारीक मासळी. फक्त ती उरलीसुरली म्हणून नव्हे, तर मानाने, पोटभर आणि प्रथम वाढली जावी. आणि पाटातले औषध, मोरीतले पाणी, नदीत सोडलेला मैला हे सारे एक दिवस आपल्याच पानात परत येते, हे ध्यानी धरून आपापल्या गावच्या पाण्याचा जाब ग्रामपंचायतीला आणि नगरपालिकेला विचारण्यास कोणी संकोच करू नये.