व्हिडिओतला 'टक्' आणि स्पेक्ट्रममधला गोंधळ

बारशाचा नाहीतर हळदीचा व्हिडिओ एडिट करताना तुमच्याही लक्षात आलं असेल, क्लिप जिथे कापली तिथे कधी कधी बारीकसा 'टक्' आवाज येतो. मूळ रेकॉर्डिंगमध्ये तो नसतोच. मग आला कुठून? हे नीट समजलं तर उद्या प्रयोगशाळेतला डेटा तपासताना एक मोठी गफलत टळेल.

'टक्' का होतो?

व्हिडिओतला आवाज बहुधा सेकंदाला ४८,००० आकड्यांच्या, म्हणजे सॅम्पल्सच्या, रूपात साठवलेला असतो. ध्वनीची लाट सतत वर-खाली होते. आपण कापलं तेव्हा ती नेमकी शून्यावर असेल असं क्वचितच घडतं. समजा किंमत ०.६ होती आणि पुढचं सॅम्पल एकदम ०. ही झाली उभी पायरी. अशी पायरी बनवायला झाडून सगळ्या फ्रिक्वेन्सी लागतात, आणि कानाला तेच 'टक्' म्हणून ऐकू येतं.

फेड-आउट म्हणजे शेवटच्या सॅम्पल्सना १ पासून ० पर्यंत उतरणाऱ्या गुणकाने गुणणं. फेड-इन त्याच्या उलट. नुसता 'टक्' घालवायला १० मिलिसेकंद, म्हणजे ४८० सॅम्पल्स, साधारणपणे पुरतात.

फेडचा आकारही महत्त्वाचा

सरळ रेषेत उतरणारा फेड घेतला, तर निम्म्या वेळेला आवाज फक्त ६ डेसिबलने कमी झालेला असतो. उरलेली सगळी घसरण दुसऱ्या अर्ध्यात होते. म्हणून लांब फेड शेवटी घाईघाईत संपल्यासारखा वाटतो. तिथे वक्र फेड बरा.

दोन वेगळ्या क्लिप जोडताना सरळ क्रॉसफेड घेतला, तर मध्यावर दोन्ही गुणक ०.५. आवाज वेगवेगळे असल्याने त्यांच्या शक्तीची बेरीज होते: ०.२५ + ०.२५ = ०.५. म्हणजे मध्येच ३ डेसिबलचा खड्डा! गुणक ०.७०७ ठेवले की बेरीज १ येते. एडिटरमधला 'कॉन्स्टंट पॉवर' पर्याय हेच करतो.

आता संशोधनाकडे

ईसीजी असो, भूकंपाची नोंद असो की यंत्राचं कंपन, आपण डेटाचा एक तुकडा कापतो आणि एफएफटी लावतो. एफएफटी असं धरून चालतं की हाच तुकडा पुन्हा पुन्हा येतोय. ५० हर्ट्झच्या लाटेचा १ सेकंदाचा तुकडा घेतला तर बरोब्बर ५० आवर्तनं बसतात, जोड कळतही नाही. १.०१ सेकंदाचा घेतला तर ५०.५ आवर्तनं. जोड तुटतो, आणि ५० हर्ट्झची ऊर्जा आजूबाजूला सांडते. यालाच स्पेक्ट्रल लीकेज म्हणतात. आपला तोच 'टक्', फक्त आता आलेखात.

उपायही तोच. अख्ख्या तुकड्याला हळुवार फेड-इन, फेड-आउट द्यायचा. या गुणकांना विंडो म्हणतात. सर्रास वापरली जाणारी हान विंडो ऑस्ट्रियन हवामानशास्त्रज्ञ यूलिउस फॉन हान यांच्या नावाने ओळखली जाते.

पायथॉनमध्ये करून बघाच. सॅम्पलिंग १००० हर्ट्झ, तुकडा १.०१ सेकंदाचा. ५० हर्ट्झच्या लाटेत ६० हर्ट्झची ५०० पट लहान लाट मिसळा आणि आलेख डेसिबलमध्ये काढा. विंडोशिवाय ती लहान लाट सांडलेल्या ऊर्जेखाली गडप होते. हान विंडो लावली की वर येते. तुमचा शोध नेमका त्या लहान लाटेत असू शकतो!

पण हे फुकट मिळत नाही. शिखर रुंद होतं, त्यामुळे अगदी जवळच्या दोन फ्रिक्वेन्सी एकमेकींत मिसळू शकतात. शिवाय हान विंडोने शिखराची उंची निम्मी होते, ती दुरुस्त करावी लागते. म्हणून तीन सवयी आत्ताच लावून घ्या: मूळ फाइलला हात लावायचा नाही, विंडो नेहमी प्रतीवरच लावायची, आणि कोणती विंडो व किती लांबीचा तुकडा घेतला हे पद्धतीच्या प्रकरणात लिहायचं. व्हायव्हात हा प्रश्न हमखास येऊ शकतो.