दुधाच्या दाढेतील औषध

“अहो, दुधाचीच दाढ ती! आज ना उद्या पडणारच. तिच्यापायी दवाखान्याच्या पायऱ्या कशाला झिजवायच्या?” असे उद्गार घरोघरी आजीच्या तोंडून ऐकू येतात. समोरच्या दातांपुरते हे बोलणे एक वेळ खपून जाईल. ते सहाव्या-सातव्या वर्षी पडतातच. दाढेची गोष्ट निराळी. मुलाच्या २० दुधाच्या दातांपैकी सर्वांत मागची दाढ दहा ते बारा वर्षांपर्यंत टिकावयाची असते. सहाव्या वर्षाच्या सुमारास तिच्या पाठीमागे पहिली कायमची दाढ उगवते. पुढली जागा अवेळी रिकामी झाली, तर ही नवी दाढ पुढे सरकते आणि मग त्या जागी येणाऱ्या दातास वाट उरत नाही. शिवाय रात्रभर कण्हणाऱ्या लेकरास “पडेल हो” एवढ्याने झोप लागत नाही, हे मातांना सांगावयास नकोच.

दाताच्या पोटात रक्तवाहिन्या व मज्जातंतू यांनी भरलेला मऊ गर असतो. दुधाच्या दाढेचे कवच पातळ, म्हणून कीड तेथवर लवकर पोहोचते. मुळांतील गर निरोगी असेल तर दंतवैद्य दाढ बधिर करून वरचा बिघडलेला गर काढतात व ओल्या कापसाचा बोळा दाबून धरतात. काही मिनिटांत रक्त थांबले, की उरलेल्या गरावर औषध ठेवून दाढ बुजवितात. हे औषध कोणते असावे, हाच जुना वाद होय.

बकले नामक अमेरिकन दंतवैद्याने १९०४ साली फॉर्मोक्रेसॉल पुढे आणले. त्यात १९ टक्के फॉर्माल्डिहाइड, ३५ टक्के क्रेसॉल, बाकी ग्लिसरिन व पाणी. त्याने गर बरा होत नाही, जागच्या जागी गोठतो. शाळेच्या प्रयोगशाळेत बरणीतला बेडूक टिकवितात, त्यातलाच हा प्रकार. औषध स्वस्त, काम पाच मिनिटांचे, आणि गुणही चांगला. परंतु २००४ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्माल्डिहाइड मनुष्यास कर्करोगकारक ठरविले, आणि दंतवैद्यांत चलबिचल झाली. तो निर्णय मुख्यतः कारखान्यांतून वर्षानुवर्षे त्याची वाफ हुंगणाऱ्या कामगारांवरून झाला होता; दाढेतील बोळ्यावर जेमतेम थेंबभर असते. ज्यांच्या मुलांना ते पूर्वी लावले गेले, त्यांनी घाबरून जाऊ नये. तथापि दुसरे तितकेच गुणकारी औषध हाताशी असता तेच का वापरावे, हा प्रश्न रास्तच आहे.

कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे आपल्या विझवलेल्या चुन्याचेच शुद्ध रूप. मोठ्यांच्या दातांत त्याने गरावर नवे कठीण आवरण धरते. दुधाच्या दाढेत मात्र पुष्कळदा मूळ आतूनच झिजू लागते. फेरिक सल्फेट रक्त चटकन थांबविते व स्वस्तही आहे, पण खालच्या गरास बरे करण्याचा गुण त्याच्या अंगी नाही.

१९९३ साली कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा विद्यापीठात तोराबिनेजाद यांच्या हाताखाली एमटीए नावाचे द्रव्य निघाले. घर बांधण्याच्या पोर्टलंड सिमेंटचे ते शुद्ध भावंड! ओलाव्यातच ते घट्ट होते, आणि गर जिवंत ठेवून त्यावर नवे आवरण धरविते. उणीवही आहे: घट्ट होण्यास काही तास लागतात, त्यातील बिस्मथमुळे दात काळवंडतो, आणि किंमत भारी. पुढे आलेले बायोडेंटिन सुमारे १२ मिनिटांत घट्ट होते व त्यात बिस्मथ नाही. अमेरिकेच्या बालदंतवैद्यांच्या अकादमीने २०१७ साली एमटीए व फॉर्मोक्रेसॉल या दोहोंची जोरदार शिफारस केली आणि चुन्याचे औषध टाळावे असे सुचविले. खर्च झेपत असेल तर आमचा कौल सिमेंटच्या बाजूस पडेल. न झेपल्यास दाढ तशीच कुजू देण्यापेक्षा जुने औषध शतपट बरे.

हिरडीवर पुवाचा फोड आला असेल, तर मात्र यांतले काहीच चालत नाही. तेव्हा मुळांतला गरही काढून आत जस्तभस्म व लवंगतेलाचा लेप, नाही तर आयोडोफॉर्म घातलेले चुन्याचे औषध भरतात. कारण दुधाच्या दाढेची मुळे पुढे विरघळणार, तेव्हा भरणही विरघळणारेच हवे. अन् कोणतेही औषध घातले तरी दाढेवर स्टीलची टोपी बसवून घ्यावी. ती चकाकते म्हणून मुले प्रथम लाजतात, दोन दिवसांनी सोबत्यांना तोंड उघडून दाखवीत फिरतात.