सरकारी दवाखाना (भाग ७) : मॉप कोण विसरलं?

१० जुलै १९६३ रोजी औरंगाबादच्या सरकारी प्रसूतिगृहात एक बाई बाळंत झाली. मुलगा झाला. बाळंतपणानंतर लगेच कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया करून घ्यायची, हे ठरवूनच ती दाखल झाली होती. त्याप्रमाणे १३ तारखेला शस्त्रक्रिया झाली. मग ताप चढला आणि पोटात असह्य दुखू लागलं. १९ तारखेला दुसऱ्या डॉक्टरांनी जुनी जखम उघडली, तेव्हा पोटात मॉप सापडला. मॉप म्हणजे शस्त्रक्रियेत रक्त टिपायला वापरतात ते जाड कापड. आत पू साचलेला होता. २४ जुलैला ती बाई गेली.

घरच्यांनी सरकारवर आणि डॉक्टरांवर दावा लावला. खालच्या कोर्टाने ३६,००० रुपये भरपाई मंजूर केली. उच्च न्यायालयाने ती रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने खालच्या कोर्टाचा निकाल पुन्हा कायम केला, तो २० फेब्रुवारी १९९६ रोजी. १९६३ च्या जुलैत जन्मलेलं मूल तोवर बत्तीस वर्षांचं झालेलं असतं.

उच्च न्यायालयाने भरपाई नाकारताना दिलेलं एक कारण आज वाचताना चमत्कारिक वाटतं. दवाखाना चालवणं हे राज्याचं सार्वभौम काम आहे, त्यामुळे नोकरांच्या चुकीबद्दल राज्याला कोर्टात खेचता येत नाही, असं ते कारण होतं. त्याला आधार घेतला होता १९६४ च्या कस्तुरीलाल खटल्याचा. त्या खटल्यात मेरठच्या पोलिसांनी एका व्यापाऱ्याचं सोनं जप्त केलं होतं आणि एक हवालदार ते घेऊन पाकिस्तानात पळाला होता. त्या सोन्याची भरपाई सरकारने द्यायची नाही, असं ठरलं. बाळंतिणीच्या पोटात राहिलेल्या कापडाला हाच न्याय लावला गेला! सर्वोच्च न्यायालयाने तो झिडकारला. दवाखाना चालवणं हे कल्याणकारी काम आहे, तिथे सार्वभौमत्वाची ढाल चालणार नाही, असं न्यायमूर्ती कृपाल यांनी लिहिलं. सरकारी दवाखान्यातल्या चुकीची भरपाई मागणाऱ्या प्रत्येकाला हा निकाल आजही उपयोगी पडतो.

या लेखाचा विषय मात्र त्याच निकालातलं दुसरं एक वाक्य आहे. न्यायालय म्हणतं, नेमक्या कोणत्या डॉक्टरची किंवा कर्मचाऱ्याची हयगय झाली हे पक्कं सिद्ध झालं नाही, एवढ्यावरून घरच्यांचा दावा बुडवता येणार नाही. कायद्याच्या दृष्टीने हे अगदी योग्य आहे. बेशुद्ध पडलेल्या बाईच्या घरच्यांनी ऑपरेशन थिएटरात कोणी काय केलं हे सिद्ध कसं करायचं? पण त्याचा अर्थ असाही होतो की तीन कोर्टं आणि बत्तीस वर्षं झाली, पैसे द्यायचे ठरले, तरी मॉप कोण विसरलं, का विसरलं, पोट शिवण्याआधी मोजणी झाली होती का, हे घरच्यांना कोणी सांगितलं नाही. ते सांगणं कोणाचं कामच नव्हतं.

माझ्या मते सरकारी आरोग्यसेवेवरचा विश्वास नेमका इथे तुटतो. चुका होतात हे रुग्णाला कळतं. ज्या वॉर्डात एका खाटेवर दोघं आणि खाली गाद्या टाकून आणखी चौघं आहेत, तिथे चूक होणारच नाही अशी कोणाचीही समजूत नसते. त्याला खटकतं ते गप्प बसणं. ‘पेशंट सिरियस आहे, काही सांगता येत नाही,’ ‘साहेब राउंडला आले की विचारा,’ ‘इथे सही करा’ ही तीन वाक्यं ज्याने ऐकली नाहीत असा सरकारी दवाखान्यातला नातेवाईक सापडणं कठीण. आणि मग एकाएकी बॉडी ताब्यात घ्या, असा निरोप येतो.

डॉक्टर का बोलत नाहीत, तेही पाहायला हवं. बोलून त्यांचा फायदा काहीच नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली उपचारातल्या हयगयीने मृत्यू झाला तर डॉक्टरला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. खात्याची चौकशी वेगळी. बाहेर जमाव उभा असेल तर चूक कबूल करणं म्हणजे मार खाणं. सलग ड्यूटीवर असलेल्या निवासी डॉक्टरला ‘नातेवाइकांशी फार बोलू नकोस’ हा सल्ला पहिल्याच आठवड्यात मिळतो, आणि देणारा सीनियर वाईट माणूस असतो असं नाही.

मोठी दुर्घटना घडली की सरकार बोलतं, पण ठरलेल्या साच्यात. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात आग लागून १० बाळं गेली. प्रत्येकी ५ लाखांची मदत, चौकशी समिती, निलंबन हा क्रम लगेच पार पडला. निलंबनाला मी कमी लेखत नाही. पण निलंबनाने कोणाला तरी शिक्षा झाल्याचं दिसतं, काय घडलं ते कळत नाही.

महाराष्ट्रात याला एक ठळक अपवाद आहे. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिलेले १४ रुग्ण मूत्रपिंडं निकामी होऊन दगावले. मेंदूचा आणि डोळ्यांचा दाब उतरवायला दिलेल्या त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष होतं. चौकशीला न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन बसले, आणि ते वॉर्डाच्या दारात थांबले नाहीत. पुरवठादार, खरेदी, औषध तपासणारं एफडीए, त्यावरचं मंत्रालय अशी साखळी त्यांनी उलट्या दिशेने उकलली. १९८८ मध्ये अहवाल बाहेर आला आणि आरोग्यमंत्री भाई सावंत यांना पद सोडावं लागलं. बाटली हातात धरणाऱ्या सिस्टरपाशी चौकशी संपली असती तर विषाचा माग कुणालाच लागला नसता. त्यानंतर समित्या पुष्कळ झाल्या. लोकांच्या तोंडी नाव राहिलं ते लेंटिन यांचंच.

रोजच्या, बातमी न होणाऱ्या चुकीचं काय? ग्राहक आयोगात जा, असं कोणीही सहज सुचवतं. १३ नोव्हेंबर १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालाने डॉक्टर ग्राहक कायद्याखाली आले हे खरं. पण जो दवाखाना सगळ्यांनाच मोफत सेवा देतो, तो त्याच निकालाने बाहेर ठेवला. केसपेपरची नाममात्र फी भरली म्हणून कोणी ग्राहक होत नाही. जिथे ऐपत असलेल्यांकडून पैसे घेतात आणि गरिबाला मोफत देतात, तिथला गरीबही ग्राहक ठरतो. आता महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने १५ ऑगस्ट २०२३ पासून आपल्या दवाखान्यांत सगळ्यांनाच उपचार मोफत केले. निर्णय चांगलाच आहे. पण शांता निकालाचे शब्द जसेच्या तसे लावले तर पैसे मागणं थांबवताना सरकारने रुग्णासाठी ग्राहक आयोगाचं दारही ओढून घेतलं. हे मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही. बहुधा कोणाच्या लक्षातच आलं नसावं. उरतो तो दिवाणी दावा. त्यात सरकारला आधी दोन महिन्यांची नोटीस द्यायची आणि मग तारखा मोजायच्या.

पोलिसांत गेलं तर २००५ चा जेकब मॅथ्यू निकाल आडवा येतो. डॉक्टरवर कारवाई करण्याआधी पोलिसांनी त्याच शाखेच्या तटस्थ, शक्यतो सरकारी, डॉक्टरचं मत घ्यावं, असं तो सांगतो. डॉक्टरांना ऊठसूट अटकेपासून वाचवायला हे आवश्यकच होतं. खासगी डॉक्टरच्या बाबतीत ते ठीकही चालतं. पण सरकारी डॉक्टरची चूक सरकारी डॉक्टरनेच तपासायची म्हटल्यावर नातेवाईक काय समजायचं ते समजतात. तपासणारा कितीही प्रामाणिक असो.

इंग्लंडमध्ये मिड स्टॅफर्डशर रुग्णालयातल्या हेळसांडीवर २०१३ मध्ये फ्रान्सिस अहवाल आला आणि पुढच्या वर्षी नियम झाला : रुग्णाला गंभीर इजा झाली तर दवाखान्याने आपण होऊन ते सांगायचं, माफी मागायची आणि लेखी द्यायचं. माफी म्हणजे दोषाची कबुली नव्हे, हे तिथल्या कायद्यात आधीच लिहिलेलं होतं. या नियमाने तिथे सगळं सुरळीत झालेलं नाही. पण ‘सांगणं हे कोणाचं काम?’ या प्रश्नाला तिथे निदान कागदावर उत्तर आहे.

आपल्याकडे तूर्त मागून घ्यावं लागतं. उपचाराची कागदपत्रं मागितल्यापासून ७२ तासांत दिली पाहिजेत, असा वैद्यक परिषदेचा २००२ चा नियम आहे. सरकारी दवाखान्याला माहितीचा अधिकारही लागू आहे. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, आणि केसपेपरबरोबर नर्सिंग नोट्स व ऑपरेशन नोट्सही मागा. मॉपची मोजणी झाली होती की नाही, हे तिथेच सापडण्याची शक्यता असते.

१९६३ ची ती बाई आज गेली असती, तर माता मृत्यू म्हणून तिची नोंद झाली असती. प्रसूतीनंतर ४२ दिवसांत झालेल्या अशा प्रत्येक मृत्यूचं अन्वेषण व्हावं, अशी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं २०१० पासून आहेत आणि २०१७ मध्ये ती सुधारली गेली. कोणाचं नाव नाही, कोणाला दोष नाही, हे त्यांचं सूत्र. ते मला पटतं, कारण त्याशिवाय कोणी खरं बोलणार नाही. जिल्हाधिकाऱ्यांपुढच्या बैठकीला मृत बाईच्या नातेवाइकांना बोलावतात. कळा कधी सुरू झाल्या, गाडी किती वाजता आली, कुठून कुठे रेफर केलं, हे ते सांगतात. सांगून झालं की त्यांना जायला सांगतात आणि मग डॉक्टरांची चर्चा सुरू होते.