जुनी चित्रफीत : दाखवायची की द्यायची?

(लेखांक ५)

रिळावरील चित्रपटाचे अंकीय प्रतीत रूपांतर कसे होते, याचा विचार मागील लेखांकात झाला. ती प्रत लोकांपर्यंत कोणत्या मार्गाने पोहोचवायची हा पुढचा प्रश्न वरकरणी तांत्रिक वाटला, तरी प्रत अखेर कोणाच्या ताब्यात राहणार, हेच त्यात ठरत असते.

तंत्राच्या दृष्टीने स्ट्रीमिंग आणि डाउनलोड यांत समजले जाते तेवढे अंतर नाही, कारण दोन्हींमध्ये सर्व्हरवरची, म्हणजे कायम जाळ्याला जोडलेल्या संगणकावरची, माहिती प्रेक्षकाच्या यंत्रात उतरतेच. डाउनलोडमध्ये पूर्ण फाइल त्याच्याकडे राहते. स्ट्रीमिंगमध्ये मात्र काही सेकंदांचे तुकडे एकामागून एक येतात, दाखवले जातात आणि तात्पुरत्या साठ्यातून पुसले जातात. ॲपलने २००९ मध्ये आणलेल्या एचएलएस पद्धतीत हे तुकडे निरनिराळ्या दर्जांत तयार असतात आणि जोडणी मंदावली की प्लेअर पुढचा तुकडा हलक्या दर्जाचा मागवतो, त्यामुळे चित्र धूसर झाले तरी सहसा थांबत नाही. मोजक्या डेटावर भागवणाऱ्या प्रेक्षकाला, किंवा तासाभराच्या फितीतील दोनच मिनिटे हवी असलेल्या अभ्यासकाला, ही सोय मोलाची आहे.

या सोयीची किंमत चित्राला मोजावी लागते. दर सेकंदाला १ मेगाबिट या बिटरेटने, म्हणजे चित्रफितीच्या एका सेकंदासाठी तेवढीच माहिती खर्च करून, तासाभराची फीत सुमारे ४५० मेगाबाइटांत बसते. उलट त्याच रिळाच्या २के स्कॅनमधील असंपीडित चौकट एकेकटीच १२ मेगाबाइटांच्या आसपास असते आणि सेकंदाला २४ चौकटी धरल्या तर तासाचा हिशेब १ टेराबाइटच्या वर जातो. एवढी फाइल कोणी घरी उतरवून घेणार नाही हे खरे, परंतु या दोन टोकांच्या मध्ये चांगल्या दर्जाची, वापरण्याजोगी फाइल देता येते. जास्त दाबलेल्या प्रतीत फिल्मचे कण गुळगुळीत होतात, बारीक ओरखडे नाहीसे होतात, आणि प्रत मूळ निगेटिव्हपासून कितव्या पिढीची आहे हे ताडण्याच्या याच खुणा असतात.

देण्याच्या बाजूचे ठळक उदाहरण अमेरिकेतील आहे. रिक प्रेलिंगर यांनी १९८३ मध्ये न्यूयॉर्क येथे सुरू केलेल्या संग्रहात जाहिराती, शालेय माहितीपट, कारखान्यांचे प्रचारपट अशा, एरवी कोणी जपल्या नसत्या, ६०,००० हून अधिक फिती जमल्या. २००२ मध्ये तो संग्रह लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे गेला. त्यांतील हजारो फिती ब्रूस्टर काल यांनी १९९६ मध्ये स्थापन केलेल्या इंटरनेट आर्काइव्हवर पाहताही येतात आणि उतरवूनही घेता येतात. नव्या माहितीपटात जुने दृश्य जोडायचे, तर हाती फाइलच लागते; तुकड्यांच्या प्रवाहाचे संकलन करता येत नाही.

भारतात कायद्याची अडचण समजली जाते तेवढी मोठी नाही. १९५७ च्या स्वामित्व हक्क कायद्यानुसार चित्रपटावरील हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो. म्हणजे प्रभातच्या ‘संत तुकाराम’वरील (१९३६) तो हक्क केव्हाच संपला आहे. मात्र हक्क संपल्याने प्रत आपोआप सुटी होत नाही: रीळ ज्याच्या कपाटात आहे त्याने फाइल दिलीच पाहिजे, असे कायदा कोठेही सांगत नाही. मुक्त झालेली कृती केवळ प्रवाहातून दाखवणारी सार्वजनिक संस्था म्हणूनच आपले काम अर्धवट सोडते. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील गोदामाला २००३ च्या जानेवारीत लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची नायट्रेट रिळे जळाली, त्यानंतर तरी एकाच जागी प्रत ठेवण्याचा धोका वेगळा पटवून देण्याची गरज नसावी.

याला अपवाद आहेत आणि ते किरकोळ नाहीत. घरगुती चित्रणातील हयात माणसे, एखाद्या समाजाचे बाहेरच्यांसाठी नसलेले विधी, वारसांशी बोलणी चालू असलेली फीत, यांच्या बाबतीत स्ट्रीमिंगच योग्य, कारण ते बंद करता येते आणि उतरवून दिलेली प्रत परत मागवता येत नाही. तरीही स्ट्रीमिंग म्हणजे कुलूप नव्हे. पडद्यावर जे दिसते ते नोंदवून घेणारी साधने सर्रास मिळतात.

अनेकांच्या हाती गेलेल्या प्रतींपैकी अस्सल कोणती, हे ओळखण्यासाठी चेकसम वापरतात; फाइलमधील सर्व माहितीवर गणिती क्रिया करून काढलेला हा छोटा संकेत फाइलचा एक बिट बदलला तरी बदलतो. इंटरनेट आर्काइव्ह प्रत्येक फाइलसाठी असे संकेत नोंदवून खुले ठेवते, त्यामुळे काही वर्षांपूर्वी उतरवलेली प्रत आजही कोणालाही घरबसल्या पडताळता येते.