लॉरीला मूळ रूप असते का?

2023 साली मुंबईत दीड महिन्याच्या अंतराने दोन निरोप गाजले. 15 सप्टेंबरला बेस्टची जुनी, बिनवातानुकूलित डबलडेकर शेवटची धावली आणि ऑक्टोबरअखेर प्रीमियर पद्मिनी टॅक्सीचा जमाना संपला. वर्तमानपत्रांनी पाने दिली, लोकांनी गाडीला टेकून फोटो काढले. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात जुन्या लॉऱ्या गॅसकटरने कापल्या जातात आणि किलोच्या भावाने विकल्या जातात. त्याची बातमी होत नाही. टॅक्सीत लिहिणारी माणसे बसत, लॉरीत कापूस आणि कोळसा, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण कायद्यात आहे आणि त्या कायद्यामागच्या एका कल्पनेत आहे.

जुलै 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत ‘व्हिंटेज’ गाड्यांची तरतूद आली. गाडी 50 वर्षांहून जुनी हवी, मूळ रूपात जपलेली हवी, तिच्यात मोठे फेरफार झालेले नसावेत. अशा गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये. पण ही सवलत दुचाकींना आणि घरगुती वापराच्या चारचाकींना आहे. मालवाहू गाडी त्या व्याख्येतच येत नाही. म्हणजे एखाद्या जमीनदाराची ब्यूक वारसा ठरू शकते, पण तिच्याच काळात त्याच गावाचा कापूस वाहणारी लॉरी ठरत नाही.

हे अपरिहार्य नव्हते. ब्रिटनमध्ये जुन्या मालवाहू गाड्या आणि बस जपणाऱ्यांचा क्लब 1958 मध्येच निघाला, आणि 1962 पासून लंडन ते ब्रायटन अशी त्यांची वार्षिक फेरी निघू लागली. आपल्याकडचा छंद 1964 च्या ‘स्टेट्समन’च्या रॅलीपासून राजेरजवाड्यांच्या मोटारींभोवती वाढला. मोटार कारखान्यातून पूर्ण होऊन येते, त्यामुळे ‘मूळ रूप’ हा निकष तिला शोभतो. लॉरीच्या बाबतीत हा निकष पहिल्याच पायरीला अडखळतो.

कारण लॉरी कारखान्यातून पूर्ण होऊन येतच नसे. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापन केलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कुर्ल्याला डॉज, फार्गो आणि डिसोटो लॉऱ्या तयार करी. नावे तीन, गाडी बहुतांशी एकच. फरक मुख्यतः पाटीचा. टाटांनी जमशेदपूरला 1954 मध्ये डेमलर-बेंझच्या सहकार्याने ट्रक सुरू केले. तो करार 1969 मध्ये संपला आणि तोंडावरचा तीन टोकांचा तारा जाऊन ‘टी’ आला. म्हाताऱ्या ड्रायव्हरांच्या तोंडी मात्र ती गाडी ‘मर्सिडीज’च राहिली. पुढे 1210, 1612 असे आकडे रूढ झाले; पहिले दोन आकडे भारासकट वजन टनांत, नंतरचे दोन ढोबळ अश्वशक्ती दहाच्या पटीत. हे सगळे मालकाच्या हाती पडे ते चासी, इंजिन आणि पुढचा पत्र्याचा मुखवटा एवढेच. ड्रायव्हर उघड्यावर, डोक्याला फडके बांधून ते धूड आणी. केबिन, हौदा, फाळके, ड्रायव्हरच्या पाठीमागची झोपायची फळी हे सारे सुतार आणि लोहार उभे करत. आमचा जिल्हा सागाचा; मी मापे घेतलेल्या जुन्या केबिनींपैकी बहुतेक सागवानी चौकटीच्या होत्या, आणि दोन केबिनी तंतोतंत सारख्या अशा मला आजवर सापडल्या नाहीत.

पुढचे आयुष्य म्हणजे बदलांचीच साखळी. पेट्रोलचे इंजिन काढून डिझेलचे बसवले. पाटे वाढवले. हौदा दहा वर्षांत कुजला की नवा केला. यातली मूळ गाडी कोणती? चासीचा नंबर हे एक उत्तर झाले, पण तो जपून काय कळणार? माझ्या मते लॉरीच्या बाबतीत फेरफार हाच इतिहास आहे. ते खरवडून कारखान्याचा रंग चढवणारा हौशी माणूस पुरावाच पुसतो.

छंदिष्टांची आणखी एक फसगत नंबराच्या पाटीवरून होते. तीन अक्षरी पाटी 1989 पूर्वीची आणि एमएच-29 नंतरची, असे ते गाडीचे वय काढतात. परराज्यातून विकत आणलेल्या गाडीला इथे नवा क्रमांक मिळतो, तेव्हा एमएच-29 च्या पाटीमागे पुष्कळदा बरीच जुनी गाडी असते.

आणि अशा गाड्या इकडे येतातही. दोन आसांच्या मालगाडीला 12 वर्षांनंतर नॅशनल परमिट मिळत नाही. मग लांबचा रस्ता सुटतो आणि ती जिल्ह्यापुरती उरते. सुटा कापूस जागा फार खातो आणि वजनाला हलका असतो. हौद्याला वरून फळ्या आणि बांबू जोडले, तट्टे बांधले की थकलेले इंजिनही तो जिनिंगपर्यंत ओढू शकते. पांढरकवड्यावरून जुना सात नंबरचा, आताचा 44 नंबरचा महामार्ग जातो. त्यावरून नवे ट्रेलर हैदराबादकडे धावत, आणि आतल्या रस्त्यांवर हंगामाचे चार महिने ही म्हातारी मंडळी राबत. वणीकडे कोळसा असला तरी तिथे त्यांचा निभाव लागत नसे, कोळसा जड. जुन्या लॉऱ्या आमच्याकडे टिकल्या त्या कुणाच्या प्रेमामुळे नाही, कापसाच्या हलकेपणामुळे.

हाही आधार आता सुटतो आहे. एप्रिल 2022 पासून 15 वर्षांवरच्या जड गाडीच्या फिटनेस नूतनीकरणाला 12,500 रुपये पडू लागले. वर्षातून चार महिने चालणाऱ्या गाडीला तो खर्च जड होतो.

स्मरणरंजनाबद्दल थोडे स्पष्ट बोलतो. ज्यांनी या गाड्या चालवल्या त्यांना त्यांचे फारसे अप्रूप नाही. पॉवर स्टिअरिंग नाही, पायाशी इंजिनाची धग, गिअर टाकताना डबल क्लच. कितीतरी जणांच्या पाठी त्यात गेल्या. गहिवर येतो तो बाहेरून पाहिलेल्यांना, त्यात मीही आलो. पण बोलणे दुरुस्तीवर आले की तीच माणसे खुलतात: जंगलात पाटा तुटला तर लाकडी ओंडका घालून कसे निघायचे, आवाजावरून कोणते बेअरिंग गेले ते कसे ओळखायचे. त्यांना हरवल्यासारखे वाटते ते हे हातचे ज्ञान, गाडी नव्हे.

म्हणून मी गाडी विकत घेण्याच्या फंदात पडलो नाही. कापायला आलेल्या लॉरीची मापे घेतो, केबिनीचे सांधे रेखाटतो, जुन्या आरसी पुस्तकांची छायाचित्रे ठेवतो आणि कोणता भाग कोणी, कधी, का बदलला ते विचारून लिहितो. संग्रहालयाने एखादी लॉरी ठेवायची ठरवलीच, तर ती शेवटच्या मालकाने सोडली त्या अवस्थेत ठेवावी, कुजक्या फळीसकट आणि तिसऱ्या इंजिनासकट.

नव्याने तयार होणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकची केबिन वातानुकूलित असणे 2025 मध्ये बंधनकारक झाले आहे. ड्रायव्हरांच्या दृष्टीने ते फार आधी व्हायला हवे होते. सागवानी केबिन बांधणारे जे दोघे सुतार माझ्या माहितीत आहेत, ते आता दारे-खिडक्या करतात. त्यांतल्या एकाकडे केबिनीच्या कमानीचा फर्मा अजून आहे, कोंबड्यांच्या खुराड्यावर झाकण म्हणून. त्याचा नकाशा मी या उन्हाळ्यात कागदावर उतरवून घेतला.