घरच्या कंप्युटरवर कॅलेंडर: आधी यादी, मग चौकटी, फोटो शेवटी

आजचा विषय ऐकून कुणाला वाटेल, यात व्याख्यान देण्यासारखं काय आहे? कंप्युटरवर तयार नमुने मिळतात, त्यात बारा फोटो टाकले, प्रिंट काढली, झालं कॅलेंडर. होतं तसं. आणि तसं झालेलं कॅलेंडर फेब्रुवारीत कपाटात जातं, त्या खिळ्यावर पुन्हा बाजारातलं येऊन बसतं, हेही आपण पुष्कळ घरांत पाहिलेलं आहे. असं का होतं, तिथून सुरुवात करू.

मराठी घरात भिंतीवरचं कॅलेंडर ही नुसती बघायची वस्तू नाही, लिहायची वस्तू आहे. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली ‘कालनिर्णय’ सुरू केलं. तारीख आणि पंचांग एकाच पानावर आलं आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला वही मिळाली. दूध किती घेतलं, कामाच्या बाईंचा खाडा, सिलिंडर कुठल्या तारखेला लावला, इस्त्रीचे कपडे किती दिले, सगळं त्या चौकटीत. फोटोंचं गुळगुळीत कॅलेंडर हरतं ते इथे. त्याच्यावर पेन चालत नाही, चौकटीत जागा नसते, आणि चतुर्थी कधी हे विचारायला शेजारी जावं लागतं.

म्हणून कंप्युटर सुरू करायच्या आधी एक कागद घ्या आणि वर लिहा, हे कॅलेंडर कुणासाठी. ‘घरासाठी’ हे उत्तर चालणार नाही. माणूस ठरवा. आज आपण उदाहरण म्हणून एकट्या राहणाऱ्या सत्तर-पंच्याहत्तरीच्या आईचं कॅलेंडर घेऊ. मुलं पुण्यात किंवा परदेशात, आई गावी. फोनवरचं स्मरणपत्र तिच्या कामाचं नाही, भिंत मात्र ती रोज दहा वेळा बघते. छापलेलं चूक असेल तर तीही तसंच वागणार, हे लक्षात ठेवायचं.

यादीत काय येईल? वाढदिवस तर येतातच. पण आधी ज्याच्यावाचून अडतं ते लिहा. सरकारी निवृत्तिवेतन असेल तर नोव्हेंबरात हयातीचा दाखला. तो राहिला तर पेन्शन थांबते, म्हणून एक नोव्हेंबरच्या चौकटीतच मोठ्या अक्षरांत यायला हवा, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात एक बारीक आठवणही. घरपट्टी, विम्याचा हप्ता, डोळे तपासायची तारीख. आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी असेल तर त्या वाराच्या प्रत्येक चौकटीत एक छोटा रिकामा चौकोन छापा, गोळी घेतली की तिने बरोबरची खूण करायची. मुलगा दिवाळीला घरी आला की मागची पानं उलटून त्याला कळतं, खुणा कुठे सुटल्यात. हे विचारून कळत नाही, कारण आई ‘घेते हो’ असंच सांगणार.

आता अवघड भाग, तिथी. आई वाढदिवस तारखेने करत असेल, पण वडिलांचं श्राद्ध तिथीनेच होणार. आणि इथे कंप्युटरवर भरवसा ठेवून चालत नाही. गेल्या वर्षीची फाईल उघडून साल बदललं की वाढदिवस बरोबर येतात, तिथी येत नाहीत. गणेश चतुर्थी २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होती, २०२६ मध्ये ती १४ सप्टेंबरला आहे.

कारण समजून घेऊ. चंद्र सूर्याच्या पुढे १२ अंश सरकला की एक तिथी संपते. चंद्राचा वेग कमीजास्त होतो, त्यामुळे तिथी कधी १९ तासांची, कधी २६ तासांच्या आसपास. सूर्योदयाला जी तिथी चालू असते ती त्या दिवसाची धरतात. मग एखादी तिथी दोन सूर्योदयांच्या मध्येच सुरू होऊन संपते, तो क्षय. एखादी दोन सूर्योदयांना सापडते, ती वृद्धी. शिवाय चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, म्हणजे सौर वर्षापेक्षा अकरा दिवस कमी, ते अंतर भरून काढायला अधिक महिना. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून हा अधिक ज्येष्ठ आहे. त्यामुळे ३१ मेला ज्येष्ठातली पौर्णिमा दिसते खरी, पण वटपौर्णिमा २९ जूनला, निज ज्येष्ठात. घरात ज्येष्ठातली श्राद्धतिथी असेल तर त्या वर्षी ती दोनदा येते. दरवर्षीचं श्राद्ध निज महिन्यात करण्याची पद्धत आहे. पहिलं वर्षश्राद्ध असेल तर मात्र गुरुजींना विचारल्याशिवाय छापू नका.

आणखी एक बारकावा. श्राद्धाला सूर्योदयाची तिथी पाहत नाहीत, अपराह्णाची पाहतात, म्हणजे दुपारनंतरची. त्यामुळे चौकटीत सकाळची जी तिथी छापलेली असते, तिच्यावरून श्राद्धाचा दिवस काढला तर तो एका दिवसाने चुकू शकतो. म्हणून तिथ्या त्या वर्षाच्या छापील पंचांगावरूनच उतरवायच्या, आणि श्राद्धाचा दिवस पंचांगात वेगळा दिलेला असेल तर तोच घ्यायचा. गणित आपण करायचं नाही.

परदेशातल्या श्रोत्यांसाठी थोडं जास्त सांगतो. तिथी संपते ती साऱ्या जगात एकाच क्षणी, पण घड्याळं वेगळी असतात. समजा हिवाळ्यात एक तिथी भारतात सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी संपली. त्याआधी सूर्य उगवला असेल तर ती तिथी त्या दिवसाची झाली. न्यू जर्सीत तेव्हा आदल्या दिवसाचे रात्रीचे आठ पस्तीस वाजलेले असतात. तिथे ती आदल्या दिवशीच होऊन गेली. म्हणून आईसाठी केलेलं कॅलेंडर स्वतःच्या न्यू जर्सीच्या भिंतीवर जसंच्या तसं लावू नका. तिथल्या गावासाठी काढलेलं पंचांग वापरा. अर्थात ‘आई करते त्याच दिवशी आम्ही करतो’ असं म्हणणारी घरंही आहेत, त्यांचा प्रश्न सुटलेलाच आहे.

यादी झाली की चौकटी. आम्ही ‘लिब्रे ऑफिस कॅल्क’ वापरतो, ते फुकट मिळतं. एक्सेल असेल तरी रीत तीच. एका घरात महिन्याची पहिली तारीख लिहा. ‘वीकडे’ हे सूत्र त्या तारखेचा वार आकड्यात देतं, रविवारला १, शनिवारला ७. पहिल्या तारखेतून तो आकडा वजा करायचा आणि १ मिळवायचा, म्हणजे त्या आठवड्याचा रविवार मिळतो. १ जानेवारी २०२६ गुरुवार आहे, म्हणजे ५. उत्तर येतं २८ डिसेंबर, आणि तो रविवारच आहे. पुढच्या प्रत्येक घरात आधीच्या घराहून एक जास्त. मागच्या-पुढच्या महिन्याच्या तारखा फिकट करायच्या.

ओळी सहा धरा, पाच नव्हे. रविवारपासून आठवडा मांडला तर २०२६ चा फेब्रुवारी बरोबर चार ओळींत बसतो, पण मे आणि ऑगस्ट सहा ओळी मागतात. बाजारातली कॅलेंडरं अशा वेळी ३१ तारीख वरच्या मोकळ्या चौकटीत नेऊन बसवतात. आपल्याला सवय आहे, पण आईला लिहायला ती जागा गोंधळाचीच.

घरचा प्रिंटर बहुधा ए-फोरचा, म्हणजे कागद २१० बाय २९७ मिलिमीटर. दोन्ही बाजूंना दहा-दहा सोडले तर १९० उरतात, सात वारांत वाटले की चौकट सत्तावीस मिलिमीटर रुंद. उभ्या पानावर वर ६० मिलिमीटरची फोटोची पट्टी, २५ महिन्याच्या नावाला आणि वारांना, वर-खाली समास, आणि तरी सहा ओळींना बत्तीस-बत्तीस मिलिमीटर मिळतात. तारीख वरच्या कोपऱ्यात, तिथी तिच्याशेजारी बारीक, खालचा निम्मा भाग कोरा. हा कोरा भाग भरायचा मोह होतो. सुविचार, फुलांची चित्रं, काहीही सुचतं. नका भरू, तो आईचा आहे.

फोटो पट्टीपुरताच राहिला म्हणून वाईट वाटून घेऊ नका. १९० बाय ६० मिलिमीटरला सुमारे २२५० बाय ७१० पिक्सेल असले की छपाई स्वच्छ येते. व्हॉट्सअॅपवरून साधा पाठवलेला फोटो आकसून येतो, तो डॉक्युमेंट म्हणून मागवा. आणि पट्टी आडवी असल्यामुळे एकट्याचा उभा फोटो कापला जातो, ओळीने बसलेली नातवंडं छान बसतात.

अक्षर युनिकोडमध्येच टाईप करा. ‘मुक्ता’ किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’ हे फॉण्ट फुकट आहेत आणि लहान आकारातही वाचता येतात. आकडे देवनागरी की इंग्रजी, हे वाचणाऱ्यावर. आईला ५ आणि ६ दिसले की बरं वाटतं, इंग्रजी शाळेतल्या नातवाला ते तितक्या झटकन कळत नाहीत. कॅलेंडर आईचं आहे, तेव्हा देवनागरी.

छापताना कागद शंभर ते एकशेवीस जीएसएमचा घ्या. चकचकीत फोटो पेपर नको, त्याच्यावर बॉलपेन घसरतं. रविवार नुसता लाल न ठेवता ठळकही करा, कारण काळ्या-पांढऱ्या प्रिंटमध्ये लाल आणि काळा सारखेच दिसतात. दुकानात छापून घ्यायचं तर मूळ फाईल नेऊ नका, पीडीएफ न्या. तिथल्या कंप्युटरवर आपला फॉण्ट नसला की ओळी सरकतात, आणि सरकलेल्या ओळीत श्राद्ध शेजारच्या चौकटीत जाऊन बसतं. ‘फिट टू पेज’ बंद करा, ‘अॅक्च्युअल साइज’ ठेवा.

पानाची मागची बाजू कोरी ठेवू नका. डॉक्टर, गॅसवाले, शेजारी, औषधांची नावं आणि वेळा, सगळं तिथे मोठ्या अक्षरांत. आणि फक्त एका पानामागे नाही, बाराही पानांमागे, कारण पान उलटल्यावर मागचं कुणी शोधत नाही.

तपासणी एकट्याने होत नाही. एकाने पंचांग मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने प्रिंटवर बोट ठेवायचं, पडद्यावर नाही. वाचणारी आई असली तर उत्तम, फोनवरूनही जमतं. कुठल्या काकांची तिथी राहिली, हे तिच्याशिवाय कुणाला आठवणार नाही.

आणि बारा पानं एकदम छापू नका. जानेवारीचं एक पान काढा, आईकडे पाठवा, आठवडाभर भिंतीवर राहू द्या. दूध ती कुठे लिहिते, खाडा कुठे मांडते, चौकोनात खूण करते की बाहेर, चष्म्याशिवाय तारीख दिसते का, हे पाहा. त्याप्रमाणे चौकटी हलवा, मग उरलेली अकरा पानं छापा.