चौथ्या पानावरची नावं

सोलापूरच्या एका मराठी दैनिकात मी 31 वर्षं काढली. आधी उपसंपादक, पुढे मुख्य उपसंपादक. या कामाचा आढावा लिहायला बसलो तेव्हा निवडणुका, संप, सरकारं पडल्याचे मथळे आठवतील असं वाटलं होतं. आठवलं ते चौथं पान. निधनवार्ता, आजचे कार्यक्रम, बाजार समितीतले कांद्याचे भाव, कुठल्या पेठेत पाणी कधी, आणि उजनीची पातळी. उजनी धरण 117 टीएमसीचं, पण त्यातलं 63 टीएमसीच्या वर पाणी मृतसाठ्यातलं. उन्हाळ्यात पातळी शून्याखाली जाते आणि आम्ही ‘उणे’ छापतो. बाहेरगावाहून आलेल्या नव्या पोराला ती मुद्रणाची चूक वाटायची. सोलापूरकराला मात्र त्या एका शब्दावरून कळायचं, की आता पाणी चार दिवसांआड येणार, घरातली पिंपं भरून ठेवायला हवीत.

पण त्या पानावरचं खरं अवघड काम होतं नावं लिहिण्याचं. विणकामासाठी तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांनी आमचा पूर्व भाग वसवला. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडून कन्नड येते. शहरात उर्दू आणि दखनी आहे, मराठी तर आहेच. बाळशास्त्री जांभेकरांनी 1832 साली ‘दर्पण’ काढलं ते मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत. आमच्या टेबलावर रोज संध्याकाळी चार भाषांतली माणसं यायची आणि एका देवनागरीत उतरायची. तेलुगू माणूस आडनाव आधी सांगतो, त्यालाच नवा उपसंपादक पहिलं नाव समजायचा. नरसम्माची नरसाबाई व्हायची, शरणव्वाची शारदाबाई. मी नवा असताना एका बातमीत असंच ‘शुद्ध’ करून ठेवलं, तेव्हा आमच्या ज्येष्ठांनी कागद माझ्यापुढे परत सरकवला. म्हणाले, “व्याकरण सुधार, शीर्षक सुधार. बाईचं नाव सुधारू नकोस, ते तिचं आहे.” पत्रकारितेचं एवढं नेमकं शिक्षण मला पुन्हा कुठे मिळालं नाही.

तेव्हा हातानं खिळे जुळवत. ड्ड, ल्ल, म्म ही आमच्या गावाची जोडाक्षरं. एकाच दिवशी पूर्व भागातल्या दोन-तीन निधनवार्ता आल्या की कंपोझिटरच्या खणातला अर्धा म संपायचा. तालुक्याच्या बातम्या एसटीनं यायच्या. वार्ताहर लिफाफा कंडक्टरच्या हाती द्यायचा, आमचा शिपाई रात्री स्टँडवर जाऊन तो घेऊन यायचा. गावोगावी असा माणूस ठेवण्याची आणि शेतमालाच्या भावाला बातमीचा मान देण्याची रीत मराठीत पक्की केली ती नानासाहेब परुळेकरांनी. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या या माणसानं 1 जानेवारी 1932 रोजी पुण्यात ‘सकाळ’ सुरू केला. त्यांचे अग्रलेख आज फारसं कोणी आठवत नसेल. गावातल्या माणसाचं नाव छापण्याजोगं आहे, हे त्यांनी दाखवून दिलं, आणि मला ते अग्रलेखापेक्षा मोठं वाटतं.

30 सप्टेंबर 1993 ची पहाट. विसर्जनाच्या मिरवणुकीचे फोटो लावून पानं सोडली, घरी जाऊन पाठ टेकली आणि 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. अंक छापून झाला होता. पहाटे लोकांच्या दारात पडला तो गुलालात न्हालेला, आणि किल्लारी, सास्तूर या गावांत तोवर दगडमातीची घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली होती. जखमींना सोलापूरच्या सिव्हिलमध्ये आणू लागले. पुढचे कित्येक दिवस आम्ही खाटेखाटेला जाऊन यादी केली. नाव, गाव, वय. लहान मुलांना आडनाव सांगता येईना. मग ‘सास्तूर, मुलगी, वय अंदाजे 6, हातात हिरव्या बांगड्या’ असं लिहिलं. त्या बांगड्या जागेअभावी काढाव्यात अशी सूचना आली, मी त्या ठेवल्या. जवळपास दहा हजार माणसं गेली, तो आकडा पहिल्या पानावर होता. नातेवाईक मात्र अंक हातात घेताच थेट आतलं पान उघडत आणि बोट ठेवून एकेक ओळ वाचत.

पुढे संगणक आला, तेही बरंच झालं. पण तेव्हाच्या फाँटमध्ये साठवलेला मजकूर युनिकोडमध्ये आणताना रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसले, जोडाक्षरं फुटली. कित्येक वर्षांचे अंक संगणकात आहेत आणि त्यातली नावं शोधून सापडत नाहीत. मृत्यूची तारीख शोधत आलेल्या माणसाला आजही शिडी लावून बांधीव फाइलच काढून द्यावी लागते.

आता निधनाची बातमी तासाभरात फोनवर येते, फोटोसकट. भिवंडीत मागावर बसलेला मुलगा त्यामुळे आईच्या अंत्यविधीला वेळेवर पोचतो. ही केवढी मोठी सोय आहे, ती मी कमी लेखणार नाही. मला खंत आहे ती वेगळीच. त्या संदेशात चूक झाली तर दाराशी जाऊन माफी मागणारं कोणी नाही.

मी ती मागितली आहे. एका निधनवार्तेत माझ्या हातून मृताच्या जागी त्याच्या धाकट्या भावाचं नाव गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गृहस्थ स्वतः कचेरीत आले. ओरडले नाहीत. खुर्चीवर बसून म्हणाले, “सकाळपासून लोक दारात रडत येतायत. माझ्या आईला कसं समजवायचं?” मी त्यांच्याबरोबर साखर पेठेतल्या त्यांच्या घरी गेलो. म्हातारीला तेलुगूशिवाय काही येत नव्हतं. तिनं माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

त्यानंतर कितीतरी वर्षांनी, माझ्या निवृत्तीच्या आधीच्या पावसाळ्यात, त्यांचा मुलगा आला. हातात वहीचा घडी घातलेला कागद. वडिलांनी आपलं पूर्ण नाव स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलं होतं, आधी आडनाव, मग नाव, ड्ड जरा मोठा काढलेला. बातमी मी स्वतः टाइप केली आणि त्याला मोठ्यानं वाचून दाखवली. प्रत्येक जोडाक्षराला तो मान हलवत होता. शेवटी म्हणाला, “एकदा परत वाचा, सर.” मी परत वाचली.